शांत पट्टा

लिफ्टचं दार उघडलं, तिनं पाऊल पुढं टाकलं आणि तिला ठेच लागली. लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली होती. ती पडली नाही. चौकट धरून सावरली, खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरली, आतला रिकामा डबा खणकन वाजला, एवढंच. मागून शेजारच्या दारातले काका उतरले. त्यांनी खाली न बघताच पाय नेमका दोन बोटं जास्त उचलला. "सवय करून घ्या," ते म्हणाले, "आता ही अशीच थांबते. पण पूर्वीसारखी नाचत तरी नाही." आणि किल्ल्या वाजवत आत गेले. पूर्वी ही लिफ्ट मजल्यावर आली की जरा वर, जरा खाली, पुन्हा जरा वर असं करत राहायची, म्हाताऱ्यांच्या पोटात ढवळायचं. तक्रारी झाल्या. मग मेकॅनिक आला, त्यानं कुठंतरी काहीतरी फिरवलं आणि जिन्यात जमलेल्या लोकांना सांगितलं, "आता एवढ्यातेवढ्या फरकाला ती गप्प बसेल." तेव्हा ती त्या घोळक्यात होती आणि मनातल्या मनात हसली होती. मेकॅनिकनं जे केलं होतं तेच ती कारखान्यात करत असे, फक्त तिथं त्याला डेडबँड म्हणत. आता ती बंद दारासमोर किल्ली हातात धरून उभी होती आणि किल्ली कुलपात घालत नव्हती. अंगठ्याला ठणका लागला होता. तिला एवढंच सुचत होतं की लिफ्ट दोन बोटं खाली थांबते. नेहमी खालीच. कधी दोन बोटं वर नाही. चूक लहान होती, पण ती एकाच बाजूला होती, आणि रोज तिथंच होती, आणि कोणी ती मोजत नव्हतं.

कारखान्यातून निघण्याआधी तिनं पॅनेलवरचा पडदा बघितला होता. रसायनांच्या रिॲक्टरच्या तापमानाची रेघ डावीकडून उजवीकडे अशी गेली होती की वाटावं कोणी पट्टी धरून ओढली. तिनंच आखलेल्या पट्ट्याच्या आत होती. पण मधोमध नव्हती. वरच्या काठाला टेकून चालली होती. ते तिनं बघितलं होतं, बघून पिशवी उचलली होती, आणि साहेब दारातून म्हणाले होते, "संध्याकाळच्या पाळीत लोड वाढवतोय हां आपण. आता भीती नाही. तुमची रेघ आहे ना." ती हसून "हो" म्हणाली होती. तो "हो" तिला आता जिन्यात पुन्हा ऐकू आला.

काही महिन्यांपूर्वी ती रेघ सरळ नव्हती. करवतीच्या दातांसारखी वर चढायची, धाडकन खाली यायची, पुन्हा चढायची. पॅनेलवरचे मामा, ज्यांना सगळा कारखाना मामाच म्हणत असे, हात जोडून म्हणायचे, "मॅडम, हिला सारखा ताप भरतो आणि उतरतो. एखादी मात्रा द्या." दोष तापमान राखणाऱ्या कंट्रोलरचा नव्हता, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. गार पाण्याच्या व्हॉल्व्हचा दांडा त्याच्या गळ्याभोवतीच्या पॅकिंगमध्ये आवळून बसला होता. कंट्रोलर त्याला सांगायचा, थोडा उघड. तो हलायचा नाही. आणि कंट्रोलरला विसरणं ठाऊक नसतं. झालेली चूक, मग ती कितीही बारीक असो, तो मागच्या चुकीत मिळवतो, ती बेरीज मनात धरून ठेवतो आणि व्हॉल्व्हवरचा जोर वाढवत नेतो. यालाच इंटिग्रल म्हणायचं. शेवटी दांडा सुटायचा तो एकदम, हवा होता त्याच्या कितीतरी पुढं जाऊन थांबायचा, आणि मग सगळा खेळ उलट्या दिशेनं. खरा इलाज एकच होता, प्लांट थांबवायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, पॅकिंग बदलायचं. साहेब म्हणाले, आता थांबवणं शक्य नाही, तात्पुरतं काहीतरी बघा. तिनं तात्पुरतं बघितलं. ठरलेल्या आकड्याच्या एक अंश वर, एक अंश खाली, एवढ्यात काहीही झालं तरी चूक शून्य धरायची. बेरीज करायची नाही. व्हॉल्व्हला काही सांगायचं नाही. मामांनी त्याचं नाव शांत पट्टा ठेवलं. रेघ त्याच दिवशी सरळ झाली. साहेबांनी ती छापून घेतली आणि पाहुण्यांना दाखवली. मामा म्हणाले, "झोपलं हो बाळ." आणि तिलाही वाटलं होतं की काहीतरी बरं झालं.

व्हॉल्व्ह झोपला होता की अडकला होता? हा प्रश्न तिला इतक्या दिवसांत पडलाच नव्हता, आणि आता जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली तो पडला. पडद्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. कंट्रोलर काही मागत नव्हता, म्हणून व्हॉल्व्ह हलत नव्हता, म्हणून रेघ सरळ होती. विचारलंच नाही तर नकार तरी कुठून येणार? आणि न हलणारा दांडा दिवसेंदिवस अधिकच आवळत जातो, गंजतो, पाण्यातला क्षार धरतो. हे ती नव्या मुलांना शिकवत असे. आज लोड वाढला, म्हणजे माल जास्त सोडला, की रिॲक्टरमध्ये उष्णता वाढेल, तापमान काठ ओलांडेल, कंट्रोलर जागा होऊन मागू लागेल. व्हॉल्व्ह हलला नाही तर उष्णतेनं आतली अभिक्रिया अधिक वेगानं होईल आणि त्या वेगानं आणखी उष्णता निघेल. तापमान फारच वर गेलं तर सगळं आपोआप बंद करणारी वेगळी यंत्रणा होती. तिनं स्वतःला ते समजावलं. आणि मग त्या यंत्रणेचा नकाशा तिच्या डोळ्यांसमोर आला, कारण नकाशे तिच्या डोळ्यांसमोर येतातच. यंत्रणा कच्चा माल बंद करते, आणि गार पाणी पूर्ण सोडते. गार पाणी सोडते ते त्याच व्हॉल्व्हमधून.

तिनं कुलूप काढलं. घर शांत होतं. आतल्या खोलीत खिडकीपाशी आई बसली होती, दिवा न लावता. "आलीस?" आई म्हणाली. "हं," ती म्हणाली आणि चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. पॅनेलवरचा तो फोन कुठं आहे, ते तिला माहीत होतं, मामांच्या डाव्या हाताशी, चहाच्या पेल्याच्या शेजारी. तो उचलायला एवढा वेळ लागत नाही. घंटा थांबली. तिनं पुन्हा लावला. ओट्याच्या काठाला घट्ट धरलेली आपली बोटं तिला दिसत होती आणि ती बोटं दुसऱ्या कोणाची तरी वाटत होती. खिडकीतून समोरच्या इमारती, त्यांच्यामागे रस्ता, रस्त्याच्या टोकाला क्षितिजावर नेहमीचा तांबूस उजेड दिसत होता. तो कारखान्याचाच होता. नेहमीइतकाच होता का? ती त्या उजेडाकडे बघत राहिली. नेहमी तो किती असतो, हे आपण कधी बघितलंच नाही, असं तिला वाटलं.

"बोला मॅडम!" मामांचा आवाज आला. "पोचलात घरी?"

"मामा, लोड वाढवला का?"

"आत्ता घेणारच होतो. म्हटलं चहा संपवू आणि मग गाडी दामटू."

"वाढवू नका. थांबा."

"का हो? साहेबांचा तसा निरोप आहे. आणि तुमचं बाळ तर पाळण्यात गपगार आहे."

"मामा, तो व्हॉल्व्ह शेवटचा कधी हलला?"

पलीकडे पंख्यांची घरघर ऐकू आली. "हलायची वेळच कुठं आली? तुम्हीच तर पट्टा टाकलात."

"मॅन्युअलवर घ्या. दोन टक्के उघडायला सांगा त्याला. आणि खाली कोणाला तरी व्हॉल्व्हपाशी पाठवा, दांड्याकडे बघत उभं राहू दे."

"आत्ता? झोपल्या पोराला कशाला चिमटा काढायचा, मॅडम?"

"मामा, तो झोपलाय की..." मामांना पुढचं कळलं असावं, कारण त्यांनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग ते फोनवर नव्हे, वॉकीटॉकीवर बोलू लागले, निराळ्याच, कोरड्या आवाजात.

वाट बघणं तिला नवीन नव्हतं. तिचं कामच वाट बघण्याचं होतं, एक धक्का द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत हात मागं बांधून बसायचं. हे तिला कॉलेजच्या आधीच कोणीतरी शिकवलं होतं. लहानपणी आई तिच्यासाठी अंघोळीचं पाणी काढायची, पातेल्यातलं कढत पाणी बादलीत ओतायची, नळाचं गार सोडायची, आणि मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ढवळत राहायची. ती उघडी, कुडकुडत दाराशी उभी. "झालं का गं?" "थांब. अजून नाही." थोडं कढत. ढवळणं. थोडं गार. ढवळणं. "आता ये." पुढं कॉलेजच्या वर्गात बाईंनी फळ्यावर चौकोन काढून त्यातून निघालेला बाण वळवून पुन्हा त्याच चौकोनात आणला, तेव्हा बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती आणि तिला आईचा ओला हात दिसला होता. हे तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. बाबा गेल्यावर आई इथं राहायला आली आणि पहिले काही महिने दोघींनी एकमेकींना नुसतं टोचून काढलं. आई काही म्हणायची, ती तोडून बोलायची, आई दुपटीनं, ती तिपटीनं, मग दोघी रडायच्या, मग दोन दिवस फार गोड, मग पुन्हा. ऑफिसात दिवसातून किती फोन यायचे. खिडकी लागत नाही. दूध नासलंय वाटतं, वास घेऊन बघ आल्यावर. बोटांना मुंग्या आल्यासारखं होतंय. वरची बाई नळ सोडून ठेवते. तू छत्री विसरलीस. एकदा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर फोन वाजला, आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं अगदी शांतपणे, न ओरडता सांगितलं, "आई, एवढ्याशासाठी फोन करायचा नाही. खरंच काही झालं तरच." आणि स्वतःशीही ठरवलं की बारीकसारीक गोष्टीला आपणही काही बोलायचं नाही. कप फुटला, नाही बोलायचं. दुसरा फुटला, नाही बोलायचं, जरी तो मुद्दाम, टोमणा म्हणून फोडल्यासारखा वाटला तरी. स्वेटरची एक बाही तशीच लोंबती, एका पायातली चप्पल दुसऱ्याच खोलीत, नाही बोलायचं. घर शांत झालं. मावशी येऊन गेली तेव्हा म्हणाली, "बरं झालं बाई, जमलं तुमचं." आधी कुठला पट्टा आखला, घरातला की कारखान्यातला, हे तिला आता आठवेना.

"दोन दिले," मामा म्हणाले. मग वॉकीवरचा फुटका आवाज, "हलत नाही." मामा म्हणाले, "चार देतो." ती म्हणाली, "द्या." वॉकी म्हणाली, "नाही." मामांनी आपण होऊनच सहा दिले. मग आठ. "अहो, हा तर दगड झालाय," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात तिला स्वतःची भीती ऐकू आली. त्यामुळे ती वाढली. तिला तो रिॲक्टर दिसला, त्याच्या पोटातली ती अविरत मंद ऊब, वरून येणारा माल, आणि शेजारी उभा असलेला एक माणूस, मान वाकवून, एका दांड्याकडे डोळे लावून. तो कोण असेल, हे तिला माहीत नव्हतं. विचारण्याची हिंमत झाली नाही. विचारलं तर चेहरा दिसेल. "मामा, त्याला दोन पावलं मागं व्हायला सांगा. दुसऱ्याला गार पाण्याच्या बायपासच्या चाकाशी उभं करा, हातानं उघडायची तयारी ठेवू दे. आणि माल कमी करा, आहे त्याहून कमी." "साहेब..." "साहेबांना मी सांगते." मामांनी दहा दिले. काही नाही. आतल्या खोलीतून काहीही आवाज येत नव्हता. बारा. आणि मग वॉकीतून एक आवाज आला, लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा, एकदाच, आणि कोणीतरी ओरडलं.

"सुटला!" मामा म्हणाले. "सुटला हो! अर्ध्याच्या वर गेला एकदम! ओढतो मागं, थांबा, ओढतो." गजर वाजू लागला, मामांनी तो बंद केला, पुन्हा वाजला. "तापमान पडायला लागलं. पडू दे, गार पडलेलं परवडतं. माणूस ठीक आहे, घाबरलाय नुसता. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू." बराच वेळ ते आकडे वाचत राहिले आणि ती "हं, हं" करत राहिली, आणि कधीतरी आकडे जागेवर आले. मग मामांनी विचारलं, "मॅडम, चहा पटकन संपला असता तर?"

"मामा, पट्टा काढून टाका," ती म्हणाली.

"मग रात्रभर नाचेल की हो ते."

"नाचू दे. नाचतंय तोवर हलतंय, एवढं तरी कळेल. दर थोड्या वेळानं बघत राहा. सकाळी मी साहेबांशी बोलते. पॅकिंग बदलल्याशिवाय लोड नाही."

"ओरडतील."

"ओरडू देत."

फोन ठेवल्यावर हायसं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. ओट्याला टेकून ती उभी राहिली आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की लोटलेल्या दारापलीकडे काहीच झालेलं नाही. ती इतका वेळ, एवढ्या मोठ्यानं बोलत होती. कोण घाबरलं, कोण सुटलं, कोणाला ओरडू दे म्हणतेस, हे विचारायला आई आली नव्हती. पूर्वीची आई तीनदा येऊन गेली असती, चौथ्यांदा दारातच उभी राहिली असती. माणूस म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, तिनं स्वतःला बजावलं. अशा तुलना तिला आवडत नसत, त्यांनी काही सिद्ध होत नाही. पण भीती जायला तयार नव्हती. उलट तिनं जागा बदलली होती. आता ती क्षितिजावरच्या उजेडात नव्हती, आतल्या खोलीच्या अंधारात होती. काय विचारावं? काहीतरी लहान. दोन टक्के. इतके दिवस काही विचारलं नव्हतं, त्यामुळे आता कुठलाही प्रश्न मोठा वाटत होता. ती न्हाणीघरात गेली, बादली लावून गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला, आणि वाफ आरशावर चढू लागल्यावर तिला प्रश्न सापडला.

"आई," तिनं हाक मारली. आवाज नीट निघाला नाही. "आई, माझं पाणी बघतेस का जरा? मला काही जमत नाही."

उत्तर आलं नाही. ती थांबली. अजून थांबली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि पावलं आली, एक वाजणारं, एक घासत येणारं. आई दारात उभी राहिली. एका पायात चप्पल होती. तिच्या तोंडावर काहीतरी उजळलं होतं, इतके दिवस न दिसलेलं. "एवढी इंजिनियर झालीस," आई म्हणाली, "आणि पाणी काढता येत नाही अजून." तिला हसू आलं, रडूही आलं. हलली, ती मनात म्हणाली, हलली. आईनं उजव्या हातानं चौकट धरली, वाकली, आणि डावा हात बादलीत घातला, अगदी तसाच, कोपरापर्यंत, आणि ढवळू लागली.

गार पाणी अजून सोडलंच नव्हतं. हे आठवायला तिला एक क्षण लागला. बादलीतून दाट वाफ येत होती. आईचा हात त्या वाफेत सावकाश, गोल फिरत होता. "बरं आहे की," आई म्हणाली. "ये आता."

ती ओरडली. तिनं तो हात धरून बाहेर ओढला. कोपरापर्यंत तो लालबुंद झाला होता, आणि आई हाताकडे नाही, तिच्याकडे बघत होती, दचकून, काय चुकलं ते न कळून. तिनं गार पाण्याचा नळ सोडला, हात त्याच्याखाली धरला, घट्ट. "आई, कळत नाही तुला? भाजतंय ते कळत नाही? कधीपासून?"

आई पाण्याच्या धारेकडे बघत होती. "बोटांपासून सुरू झालं," ती म्हणाली. "मग वर वर आलं. पायालाही आहे थोडं. कप धरलाय असं वाटायचं आणि धरलेलाच नसायचा." मग अपराधी मुलीसारखी म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, एवढ्याशासाठी फोन करायचा नाही."

आईची दुसरी चप्पल आणायला हवी होती, डॉक्टर, पैसे, रिक्षा, स्वेटर, सगळं एकदम डोक्यात आलं आणि त्यातलं काहीच हातानं होईना, कारण हात सोडायची तिला भीती वाटत होती. पाणी वाहत होतं. वाफ आरशावरून ओघळत होती. आईनं मान किंचित तिच्याकडे झुकवली आणि अगदी हळू आवाजात, जणू ही गोष्ट विचारण्याइतकी मोठी आहे की नाही याची खात्री नसावी तसं विचारलं, "हे आता गार आहे ना गं?"